सोबतची व्यक्ती

गळ्यात निळी पट्टी, पट्टीला कार्ड,
कार्डावर छापलेलं: सोबतची व्यक्ती.
खाली नावाला जागा होती,
टेबलावरच्या मुलीनं घाईत ती तशीच ठेवली.
डॉ. मृणालिनी कारंडे यांच्या कार्डावर मात्र
पदव्यांना एक ओळ पुरली नाही.

ती आत गेली, भूल देण्यावर बोलायला.
मी साडेनऊच्या बसमध्ये.
तेवीस बायका आणि मी.
काचेवर चिकटवलेल्या 'महिला सहल'मधला
'महिला' कुणीतरी माझ्याखातर
स्केचपेननं खोडला होता.
वाचता येत होताच.

गाइड रेणुका बिर्रू. वय एकवीसेक, घसा बसलेला.
ड्रायव्हरशी तेलुगूत, फुलवालीशी कन्नडात,
आमच्याशी जपून, पुस्तकातल्या मराठीत.
"सर, आपण पहिल्या बाकावर बसावे."
तीस वर्षं वर्गात भूगोल शिकवला मी,
पहिल्या बाकावर बसायची ही पहिलीच खेप.

सिद्धेश्वराचं तळं. कणकेच्या गोळ्यावर
तुटून पडलेले मासे.
भुईकोट किल्ला, ऊन, पाण्याच्या बाटल्या.
फोटो काढायचा म्हणून साताऱ्याच्या बाईंनी
माझ्याकडे पर्स दिली. मग नांदेडच्या बाईंनी.
मग एक झोपलेलं मूलसुद्धा आलं.
"असू द्या, कारंडे मॅडमचे मिस्टर आहेत ते,"
एवढी ओळख सगळ्यांना पुरली.
मलाही पुरत होती, खरं सांगायचं तर.

नान्नजला माळढोक दिसला नाही.
दुर्बीण फिरली, मागोमाग चहा फिरला.
लांब गवतात काळविटांच्या शिंगांची टोकं तेवढी.
रेणुका म्हणाली, "असतो तो. पण पाहुणे आले म्हणून
पुढे येऊन उभा राहील, असा नाही."

जेवणात कडक भाकरी, शेंगाचटणी, वरून दही.
भाकरी मोडल्याच्या आवाजात
तेवीस संसारांच्या गप्पा बुडाल्या.

चार वाजता चादरींची खरेदी,
पण दुकानदाराकडे मयत, शटर खाली.
रेणुकानं फोन केला, ओठ चावला,
आणि बस पूर्वभागातल्या एका बोळाच्या तोंडाशी थांबवली.
"आमचंच घर आहे. पाच मिनिटं."

पत्र्याची शेड. दोन माग. खडखड अशी
की छातीतलं काहीतरी त्या तालावर चालू लागावं.
मोर उमटत होता लाल धाग्यात, पिसाऱ्यापासून सुरुवात,
डोकं अजून यायचं होतं.
वडील मागावर. कोपऱ्यात आई कांड्या भरत बसलेली.
तिनं माझ्या कार्डाकडे बोट केलं.
मी वाकून, मोठ्यानं: "सोबत! बायकोच्या सोबत आलोय!"
ती हसली. हातातली कांडी मागाकडे हलवली,
नवऱ्याकडे, मग स्वतःकडे:
"आमचं बी तेच! बावीस वर्षं! पगार त्यांच्या नावावर!"
आणि कांडी न थांबवता विचारलं,
"नाव काय तुमचं?"

सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं.
तिला ऐकू जावं म्हणून मी पोटातून ओरडलो.
नेमकी तेव्हाच वीज गेली.

माग थांबले. शेडभर, बोळभर
फक्त "विश्वंभर!"
तेवीस बायका वळून बघतायत.
कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली.

परतीच्या बसमध्ये साताऱ्याच्या बाई म्हणाल्या,
"विश्वंभरराव, खिडकी जरा उघडता का?"

रात्री मृणालिनी आली, पाय सुजलेले,
हातात शाल आणि काचेचं स्मृतिचिन्ह.
"कंटाळलास ना? काय काय पाहिलं?"
सांगायला बसलो, तर तिचे डोळे मिटायला लागलेले.
भूल चढली का बघायला ती पेशंटला
नाव विचारत राहते, हे मला माहीत होतं.
नवी चादर तिच्यावर ओढली आणि विचारलं,
"नाव काय तुमचं?"

"मृणा..." म्हणाली,
आणि पुढचं राहिलं.